पणजोबांच्या छातीवरच्या दोन पट्ट्या

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, कारण मी गावी होतो. आणि गावी होतो कारण तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, फोन करून बोलावून घेतलं होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. ग्रामपंचायतीसमोर, फौजेत गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची फरशी बसणार होती. तात्या म्हणाले, "आपल्या घरचं पयलं नाव माझ्या आजाचं. तेवढं नीट लिवलंय का बघून दे, मग कोरायला टाकू."

कागद बघितला. पणजोबांचं नाव, पहिलं महायुद्ध, कूतचा वेढा, आणि पुढे कंसात 'व्हिक्टोरिया क्रॉस'.

मी एकदम गप्प झालो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्यांची यादी काही गुपित नाही, फोनवर दोन मिनिटांत सापडते. मराठा लाइट इन्फंट्रीला मिळालेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस दुसऱ्या महायुद्धातले, दोन्ही इटलीतले. एक यशवंत घाडगे यांचा, जुलै १९४४ मधला, मरणोत्तर. दुसरा नामदेव जाधव यांचा, एप्रिल १९४५ मधला. पहिल्या महायुद्धात आमच्या गावात व्हिक्टोरिया क्रॉस आला असता तर तो आमच्या घरापुरता राहिलाच नसता.

पण तात्या ७७ वर्षांचे. त्यांना तोंडावर कसं सांगायचं? मी एवढंच विचारलं, "तात्या, पुरावा काय?" त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "ह्यो काय. छातीवर बिल्ले दिसत न्हाईत व्हय?"

आजचा भाग त्या फोटोचा आहे. तुमच्याही घरी असा एखादा असेल. सातारा-सांगलीकडे तर नक्कीच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, आणि त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलं. बाकीच्या गावांना नाव चिकटलं नाही, पण फोटो राहिले.

आमच्या फोटोत पणजोबा खुर्चीत बसलेत, अंगात फौजी कोट, डोक्याला फेटा. शेजारी पणजी उभी, कडेवर बाळ. ते बाळ म्हणजे माझे आजोबा, तात्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे. पणजोबांच्या डाव्या छातीवर खिशाच्या वर एक आडवी पट्टी, तीत दोन तुकडे. हे बिल्ले नव्हेत. बिल्ला ज्या रिबिनीला लटकतो तिचा छोटा तुकडा रोजच्या गणवेषावर लावतात, ती ही पट्टी. पदकाचं चित्र, राणीचा किंवा राजाचा चेहरा, यातलं काहीच तिच्यावर नसतं. असतात फक्त उभे रंगीत पट्टे. आणि फोटो काळा-पांढरा. म्हणजे ओळख ज्या रंगांवरून पटायची, तेच नेमके गायब!

माझ्या चुलतभावाने यावर तोडगा आधीच काढून ठेवला होता. फोटो रंगीत करणाऱ्या ॲपमध्ये टाकून दिला. पणजोबांचा कोट खाकी झाला, पणजीचं लुगडं हिरवं झालं, आणि रिबिनी झाल्या काळ्या-निळ्या. घरच्या ग्रुपवर हा फोटो फिरलाही. दिसतो झकास. पण त्या ॲपला रिबिनीचा रंग ठाऊक नसतो. ते राखाडी छटा बघून अंदाज मारतं. पूर्वी स्टुडिओवाले फोटो हाताने रंगवून द्यायचे, तेव्हाही हेच व्हायचं. रंगाऱ्याने ओठ गुलाबी करायचे, रिबिनीवर हाताला येईल तो रंग फिरवायचा. त्यामुळे रंगवलेल्या जुन्या फोटोवरचे रिबिनीचे रंग पुरावा म्हणून धरू नका, मग ते कुंचल्याने भरलेले असोत की फोनने.

आता खरी गंमत. राखाडी छटा तरी खरी असते का? नेहमी नाही.

शंभर वर्षांपूर्वी फोटो काचेच्या प्लेटवर निघायचे. त्या काळात सर्रास वापरली जाणारी प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक जातीची. या प्लेटला निळा प्रकाश भरपूर दिसायचा, हिरवा बऱ्यापैकी, आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. सिनेमात फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा दाखवतात ना, त्यामागचं कारण हेच. तांबड्या उजेडात अशी प्लेट खराब होत नाही, कारण तो उजेड तिला कळतच नाही. याचा परिणाम असा की छापलेल्या फोटोत लाल वस्तू काळी येते आणि निळी वस्तू फिकी, कधी जवळजवळ पांढरी. नारिंगीसुद्धा काळपटतो. तिन्ही रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकात पुढे येऊ लागली आणि १९३० च्या दशकात रुळली. म्हणजे पणजोबांचा फोटो आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी काढलेला आबांचा फोटो, दोन्ही काळे-पांढरेच, पण दोघांची भाषा वेगळी. एकात काळा दिसणारा पट्टा दुसऱ्यात मध्यम राखाडी दिसू शकतो.

मग आपल्या हातातला फोटो कुठल्या जातीचा, हे कसं ओळखायचं? यासाठी मी पणजीच्या कपाळाकडे बघितलं. कुंकू कोळशासारखं काळं होतं. रुपयाएवढं कुंकू, आणि त्याची छटा पणजोबांच्या बुटांएवढी गडद. ऑर्थो प्लेटची ही घरगुती चाचणी समजा. शंभर टक्के नाही, कुंकू मुळातच गडद असतं, पण इशारा चांगला मिळतो. लाल आहे हे आपल्याला पक्कं माहीत असलेली दुसरी एखादी वस्तू फोटोत असेल तर तीही तपासा.

हे कळल्यावर मी पट्टीकडे पुन्हा बघितलं, भिंग लावून. म्हणजे फोनचाच कॅमेरा. एक सूचना मध्येच देतो: फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, खिडकीच्या उजेडात फ्रेम जरा तिरकी धरा म्हणजे काचेवर चमक येत नाही, आणि ब्युटी फिल्टर कृपा करून काढा. तो फिल्टर सुरकुत्या पुसतो तसे रिबिनीवरचे बारीक पट्टेही पुसतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका.

पहिल्या महायुद्धाच्या तीन रिबिनी आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटतात. पहिली '१९१४-१५ स्टार'ची. लाल, पांढरा, निळा, एकमेकांत विरघळत गेलेले. दुसरी 'ब्रिटिश वॉर मेडल'ची. मधे रुंद नारिंगी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना आधी पांढरा, मग काळा, आणि कडेला निळा. तिसरी 'व्हिक्टरी मेडल'ची. हिच्यात अख्खं इंद्रधनुष्य आहे, तेही दोनदा, आरशात बघितल्यासारखं. दोन्ही कडांना जांभळा, आणि दोघांचा लाल मधोमध एकत्र आलेला.

आता रंग विसरा आणि आकृती बघा. स्टारची रिबीन एकतर्फी आहे. ऑर्थो फोटोत तिची एक कड काळी आणि दुसरी फिकी येते, मधे सीमारेषा नाही. वॉर मेडलची दोन्ही बाजूंनी सारखी, आणि तिच्यात दोन पांढऱ्या रेघा स्पष्ट चमकतात, त्यांच्या बाहेर लगेच काळ्या. मधला नारिंगी गडद, कडेचा निळा उजळ. व्हिक्टरीची पण दोन्ही बाजूंनी सारखी, पण एकही रेघ धड दिसत नाही, सगळं धुरकट, आणि मधोमध काळपट पट्टा.

पणजोबांच्या पट्टीवर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला दोन चमकत्या रेघांची रिबीन होती, उजव्या हाताला धुरकट, मधे काळी. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. बास, दोनच.

व्हिक्टोरिया क्रॉसची रिबीन अगदी साधी, सबंध किरमिजी, एकही पट्टा नाही. ऑर्थो फोटोत ती काळ्या ठिगळासारखी दिसली असती, वर छोटासा क्रॉस लावलेला असता, आणि ती सगळ्यात आधी असती. कारण पदकं छातीच्या मध्याकडून खांद्याकडे मानाच्या क्रमाने लावतात, शौर्याचं पदक सगळ्यांच्या पुढे. हा क्रम फार उपयोगी पडतो. तेव्हाच्या भारतीय शिपायांसाठी शौर्याची दोन खास पदकं होती, 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' आणि १९०७ मध्ये सुरू झालेलं 'इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल'. दोन्हींच्या रिबिनींत गडद निळा आणि किरमिजी हेच दोन रंग. फरक इतकाच की ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये मधे निळा आणि कडेला किरमिजी, दुसऱ्यात उलटं. ऑर्थो फोटोत ऑर्डर ऑफ मेरिट मधे उजळ आणि कडेला काळी दिसते, दुसरी मधे काळी आणि कडेला उजळ. नंतरच्या फिल्मवर दोन्ही रंग जवळजवळ एकाच छटेचे होतात आणि माणूस डोकं धरून बसतो. आणि मधे काळी, कडेला उजळ म्हणजे अंधुक फोटोत व्हिक्टरी मेडलसारखीच की! तिथे क्रमच वाचवतो. शौर्यपदक ओळीत पहिलं, व्हिक्टरी त्या युद्धाच्या ओळीत शेवटचं. आमची मधे काळी रिबीन शेवटी होती.

मी तात्यांना म्हणालो, "तात्या, हे व्हिक्टरी मेडल आहे. व्हिक्टोरिया नव्हे."

"आरं, नावात काय फरक हाय?"

तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पणजोबा इंग्रजी शिकलेले नव्हते. त्यांनी घरी आल्यावर 'व्हिक्टरी' सांगितलं असणार. पुढच्या पिढीने शाळेत व्हिक्टोरिया राणी वाचली. त्यापुढच्या पिढीने टीव्हीवर व्हिक्टोरिया क्रॉस ऐकला. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

पण तात्या हार मानणारे नव्हेत. "बरं, ऱ्हायलं. पण कूतच्या येढ्यात तर हुते ना?"

इथे मला त्या पट्टीवर काय नाही, ते बघावं लागलं. कूत अल अमारा, आजच्या इराकमधलं टायग्रिस नदीकाठचं गाव. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेने ते वेढलं, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्या फौजेने शरणागती पत्करली. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. भूक, रोगराई, मग कैद आणि वाळवंटातली पायपीट. त्यातले कितीतरी परतले नाहीत. आता १९१४-१५ स्टार कुणाला मिळायचा? ३१ डिसेंबर १९१५ च्या आत जो प्रत्यक्ष युद्धभूमीवर पोचला त्याला. वेढ्यात सापडलेला प्रत्येक माणूस त्या तारखेआधी मेसोपोटेमियात होताच. म्हणजे कूतवाल्याच्या छातीवर तीन रिबिनी हव्यात, आणि पहिली एकतर्फी, एक कड काळी. फोटो त्याआधीचा असेल असंही म्हणता येत नाही. व्हिक्टरी मेडल १९१९ मध्ये सुरू झालं आणि स्टार त्याच्याही आधी. व्हिक्टरी लावलेल्या माणसाला स्टार मिळायचा असता तर तोही तिथेच असता.

दोनच रिबिनी. म्हणजे पणजोबा १९१६ किंवा त्यानंतर गेले.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून देवघरात गेले आणि बिस्किटाचा एक जुना डबा घेऊन आले. त्यात हळकुंडं, दोन तांब्याची नाणी आणि एक पिवळसर गोल बिल्ला. व्हिक्टरी मेडल! रिबीन कधीच सडून गेलेली. बिल्ला का राहिला तेही सांगतो. तो काशाचा. वॉर मेडल चांदीचं असायचं, आणि चांदी कुठल्यातरी दुष्काळात किंवा लग्नात सोनाराकडे गेली. गावागावांत हेच झालंय, चांदीचं गेलं आणि पिवळं राहिलं. (फौजेबरोबर गेलेल्या मजुरांना आणि हमालांना तेच वॉर मेडल काशाचं द्यायचे, पण रिबीन तीच. फोटोत शिपाई आणि हमाल एकाच पंगतीला बसतात, हे मला आवडतं.)

पहिल्या महायुद्धाच्या या मेडलच्या कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात तिथे, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मी चिंच-मीठ लावू दिलं नाही. घासू नका, अक्षरं जातात. नुसतं बोटाने पुसलं आणि उन्हात तिरकं धरलं. नंबर, 'शिपाई', पणजोबांचं नाव इंग्रजीत भलत्याच स्पेलिंगने, आणि पुढे '११४ मराठाज'.

११४ वी पलटण कूतमध्ये नव्हती. ती मेसोपोटेमियात नंतर लढली, ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या वाटेवर शर्कातच्या लढाईपर्यंत. तिथलं युद्ध तिथेच संपलं. रिबिनींनी सांगितलं होतं तेच बिल्ल्याच्या कडेने सांगितलं.

एक गोष्ट सगळ्यांना गोंधळात टाकते, ती मधेच सांगून टाकतो. डब्यात एक डिस्चार्जचा कागद होता, त्यावर जिल्हा सातारा. चुलतभाऊ म्हणाला, हा आपला नसेल, आपण सांगलीचे. अरे बाबा, १९४९ पर्यंत वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. सांगलीकरांनी आपले पणजोबा साताऱ्याच्या कागदांत शोधायचे असतात. मिरज-सांगली संस्थानातले असतील तर प्रश्न आणखी वेगळा.

मग तात्याच म्हणाले, "आता आबांचा बी बघ." आवाजात जरा धाकधूक होती.

आबांचा फोटो दुसऱ्या महायुद्धातला. उभा माणूस, हाफ शर्ट, दोन रिबिनी. घरात सगळे म्हणतात आबा बर्माला होते. आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धात गेलेला जो तो बर्मालाच गेलेला असतो. हा फोटो नंतरच्या फिल्मचा, त्यामुळे छटा जरा भरवशाच्या. पहिली रिबीन तीन सारख्या पट्ट्यांची, गडद, मध्यम, फिकी, जिन्यासारखी. ही '१९३९-४५ स्टार'ची: गडद निळा नौदलाचा, लाल पायदळाचा, फिका निळा हवाई दलाचा. दुसरी महत्त्वाची. बर्मा स्टार आणि आफ्रिका स्टार, दोघांच्याही मधे रुंद लाल पट्टा आहे. पण बर्माची जमीन गडद निळी, तिच्यात नारिंगीच्या दोन बारीक रेघा. आफ्रिकेची जमीन वाळूच्या रंगाची. काळ्या-पांढऱ्यात एक गडद कापडावर उजळ रेघांची, दुसरी फिक्या कापडावर गडद पट्ट्याची. चुकायला जागाच नाही.

आबांची फिकी होती. बर्मा नव्हे, आफ्रिका. मराठ्यांच्या दोन पलटणी १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर लढल्या होत्या. त्यांतली दुसरी, काळी पाचवी, पुढच्या वर्षी तोब्रुकला कैद झाली. तिसरी पुढे इटलीत गेली, यशवंत घाडगे तिच्यातलेच. आबा यांतल्या कुठल्या पलटणीत होते, ते रिबीन सांगत नाही. त्याला बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचा कागद लागेल, अर्ज केलाय. फोटोचा काळ मात्र कळला. या दोन रिबिनी १९४३ मध्ये युद्ध चालू असतानाच वाटायला सुरुवात झाली, बाकीच्या १९४५ मध्ये ठरल्या. दोनच असल्यामुळे फोटो बहुतेक त्या दोन वर्षांतला.

आणि नेमक्या त्याच वर्षांत आबांचे धाकटे भाऊ नाना पाटलांच्या प्रतिसरकारात होते. एक भाऊ इंग्रजांच्या पलटणीत, एक इंग्रजांविरुद्ध, आणि आई एकच. आबांचा फोटो बरीच वर्षं ट्रंकेत का पडून होता, हे मला आत्ता कळतंय.

स्वातंत्र्यानंतरच्या फोटोंबद्दल थोडक्यात. परमवीर चक्राची रिबीन सबंध जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी, ती काळ्या-पांढऱ्यातही लगेच कळते. तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे पांडुरंग साळुंखे यांना १९७१ च्या युद्धात मरणोत्तर मिळालं ते हेच. वीर चक्र मात्र अर्धं गडद निळं, अर्धं केशरी, तिथे छटा फसवू शकते. आणि फोटोत रिबिनी उजव्या छातीवर दिसल्या तर आधी कोटाची बटणं बघा. सेल्फीसारखा उलटा छापलेला फोटो असू शकतो. बटणं बरोबर असतील तर बहुधा कोणीतरी आपल्या वडिलांची किंवा भावाची पदकं लावून बसलाय. दुसऱ्याची पदकं उजवीकडे लावायची रीत आहे.

घरी करून बघायचा एक प्रयोग सांगतो. नेटवरून ज्या रिबिनीचा संशय आहे तिचा रंगीत फोटो घ्या. एडिटिंग ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करताना रंगाचा फिल्टर निवडायची सोय असते, तिथे निळा निवडा. लाल झटकन काळा पडेल, निळा उजळेल. आता तो तुकडा पणजोबांच्या पट्टीशेजारी ठेवून बघा. मी तात्यांना हाच प्रयोग दाखवला. त्यांनी तीनदा करायला लावला.

फरशीचं काय झालं? तात्यांची एक शंका उरली होती. "मग ह्यांनी केलं काय? सगळ्यास्नी मिळायचं तेच मिळालं की." मी त्यांना बसऱ्याच्या स्मारकाबद्दल सांगितलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, आणि भारतीय शिपायांचे पलटणीनुसार फक्त आकडे घातले. आपल्या फरशीवर उद्या कोणी एक खोटा क्रॉस पकडला, तर खालच्या सगळ्या नावांवर तो हसेल, एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तात्यांनी कागद पुढे सरकवला. कूत खोडलं होतं, क्रॉस खोडला होता. त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: शिपाई, ११४ मराठा, मेसोपोटेमिया. पुढे पणजोबांचा नंबर. नंबरातला एक आकडा त्यांना पक्का करायचा होता, तीन की आठ. आम्ही बिल्ला घेऊन पुन्हा अंगणात गेलो.

आठ निघाला.